न्यायाधीश जेव्हा उमेदवार होतो

आपल्या देशात न्यायाधीश मतपेटीतून निवडला जात नाही. हे बरे की वाईट याची चर्चा विद्वानांनी करावी. आम्हांला ते बरेच वाटते. अमेरिकेच्या अनेक राज्यांत न्यायासनासाठी रीतसर प्रचार होतो, फलक लागतात, देणग्या जमतात. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने, आपला खटला अपिलात जाणार हे ठाऊक असताना, एका उमेदवाराच्या विजयासाठी तीस लाख डॉलर ओतले. तो उमेदवार निवडून आला आणि त्याच कंपनीच्या बाजूने निकाल देणाऱ्या न्यायपीठावर बसला. या न्यायमूर्तींनी त्या खटल्यातून बाजूला व्हायला हवे होते, हे २००९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, आणि तेही पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमताने. मेक्सिकोने जून २०२५ मध्ये न्यायाधीश थेट जनतेकडून निवडून घेतले, तेव्हा शंभरातले जेमतेम तेरा मतदार केंद्रावर आले.

आपल्याकडे न्यायाधीश निवडून येत नाही. परंतु न्यायासनावरून उतरलेला माणूस निवडणुकीला उभा राहतो, आणि ही काही आजची गोष्ट नव्हे. १९६७ साली न्या. सुब्बा राव यांनी सरन्यायाधीशपदाचा राजीनामा देऊन राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविली व ते हरले. १९८२ साली न्या. हंसराज खन्ना उभे राहिले, १९८७ साली न्या. कृष्ण अय्यर. दोघेही हरले. सप्टेंबर २०२५ मध्ये न्या. बी. सुदर्शन रेड्डी उपराष्ट्रपतिपदासाठी उभे होते. त्यांना ३०० मते पडली, आणि महाराष्ट्राचे त्या वेळचे राज्यपाल श्री. सी. पी. राधाकृष्णन ४५२ मतांनी विजयी झाले.

या निवडणुकीत चिपळूणकरांना मत नव्हते. उपराष्ट्रपतीचे मतदार म्हणजे संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य, एवढेच. तरीही मिस्सा संपल्यावर ख्रिस्तमंदिराच्या आवारात आणि भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या संदेशांत आपल्या कुटुंबांचे दोन तट पडलेले आम्ही पाहिले. एक तट म्हणत होता, हा गृहस्थ नक्षलवाद्यांचा कैवारी. दुसरा म्हणत होता, हा सत्तेच्या विरोधात उभा आहे, म्हणजे तो आपलाच. या दोन्ही तटांत एका गोष्टीबाबत पूर्ण एकमत होते. ज्या निकालावरून एवढे रान उठले होते, तो कोणीही वाचलेला नव्हता.

म्हणून तो निकाल काय होता, हे आधी सांगणे भाग आहे. छत्तीसगडच्या बस्तर भागात २००५ साली ‘सलवा जुडूम’ नावाची सशस्त्र मोहीम उभी राहिली. आदिवासी तरुणांना ‘विशेष पोलीस अधिकारी’ असे भारदस्त नाव देऊन, महिना तीन हजार रुपये मानधनावर, हातात बंदूक देऊन माओवाद्यांसमोर उभे केले जाई. शिक्षण पाचवीपर्यंत झाले असले तरी चाले. समाजशास्त्रज्ञ नंदिनी सुंदर व इतरांनी याविरुद्ध दाद मागितली. ५ जुलै २०११ रोजी न्या. रेड्डी व न्या. निज्जर यांनी निकाल दिला की, अर्धशिक्षित, अप्रशिक्षित मुलांना अशा लढाईत ढकलणे हे घटनेच्या १४ व्या व २१ व्या अनुच्छेदांचा भंग करणारे आहे. त्यांच्या हातातली शस्त्रे परत घ्या आणि केंद्राने या भरतीसाठी पैसा देणे थांबवावे. सरकारने माओवाद्यांशी लढू नये, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. लढायचे असेल तर रीतसर पोलीस दलाने लढावे, गरिबाच्या पोराला तोफेच्या तोंडी देऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्री श्री. अमित शहा यांनी जाहीरपणे म्हटले की, हा निकाल आला नसता तर नक्षलवाद २०२० पूर्वीच संपला असता. यावर सर्वोच्च व उच्च न्यायालयांच्या अठरा निवृत्त न्यायमूर्तींनी निषेधाचे पत्रक काढले, आणि त्या अठरांचा निषेध करणारे दुसरे पत्रक छपन्न निवृत्त न्यायमूर्तींनी काढले. आमचे म्हणणे साधे आहे. उमेदवाराच्या निकालाची चिकित्सा करण्याचा अधिकार गृहमंत्र्यांना आहे, आम्हांलाही आहे. न्यायाधीश निवडणुकीच्या आखाड्यात उतरला की त्याच्या झग्याचा मान त्याला ढाल म्हणून वापरता येत नाही. पण चिकित्सा ही निकालात काय लिहिले आहे त्याची व्हावी. निकालानंतर चौदा वर्षांत देशात जे जे बरेवाईट घडले, त्याचे गाठोडे न्यायाधीशाच्या डोक्यावर ठेवणे ही चिकित्सा नव्हे. शिवाय त्या निकालानंतर काही महिन्यांतच छत्तीसगड सरकारने नवा कायदा करून सहायक सशस्त्र दल उभे केलेच होते. मग निकालाने हात बांधले ते कोणाचे?

पक्षाच्या चष्म्यातून न्यायाधीश पाहू जाता कशी फजिती होते, तेही येथेच दिसते. सलवा जुडूमच्या काळात छत्तीसगडात सरकार भारतीय जनता पक्षाचे होते, पण त्या मोहिमेचे पुढारी महेंद्र कर्मा हे काँग्रेसचे. आणि सलवा जुडूमच्या निकालाच्या आदल्याच दिवशी, ४ जुलै २०११ रोजी, याच दोन न्यायमूर्तींनी परदेशातील काळ्या पैशाच्या प्रकरणात तेव्हाच्या काँग्रेसप्रणीत केंद्र सरकारला दिरंगाईबद्दल खडसावून विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला होता. त्या आदेशाची अंमलबजावणी मे २०१४ मध्ये नव्या मोदी सरकारने केली, आणि अभिमानाने केली. एकाच लेखणीतून एका दिवसाच्या अंतराने उतरलेल्या या दोन निकालांपैकी एक ज्याने उचलून धरला, त्याने दुसऱ्यावरून त्याच माणसाला देशद्रोह्यांच्या पंक्तीत बसवावे, आणि पहिल्याने ज्यांची झोप उडवली त्यांनी त्यालाच आपला उमेदवार करावे! राजकारणाला हे शोभत असेल. आपण त्यात टाळ्या का वाजवाव्यात?

न्या. रेड्डी यांची कारकीर्द आम्हांला सर्वस्वी निर्दोष वाटते असे कोणी समजू नये. सलवा जुडूमच्या निकालाचा आरंभ जोसेफ कॉनरॅडच्या कादंबरीपासून होतो आणि बराच वेळ अर्थनीतीवरचे प्रवचन चालते. प्रवचनाचा अतिरेक काय असतो हे आम्हां धर्मगुरूंना कोणी शिकवायला नको. न्यायाधीशाने तो टाळावा. गोव्याचे पहिले लोकायुक्त म्हणून २०१३ साली ते आले आणि काही महिन्यांतच राजीनामा देऊन गेले, ही गोष्टही त्यांना मत देऊ पाहणाऱ्याने विचारात घ्यायला हवी होती. उमेदवार तोलायचा तो असा, दोन्ही पारड्यांत जे आहे ते घालून.

आता आपल्या घराकडे वळू.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयावर श्रीमती व्हिक्टोरिया गौरी यांची नेमणूक झाली. त्यापूर्वी त्यांनी मुलाखतींतून ख्रिस्ती मिशनऱ्यांविषयी जे काढले होते ते आपल्या समाजाला झोंबणारे होते. नेमणुकीविरुद्ध काही वकील सर्वोच्च न्यायालयात गेले. उमेदवार पात्र आहे की नाही हे न्यायालय पाहील, योग्य आहे की नाही हे पाहणार नाही, असे सांगून याचिका फेटाळण्यात आली. त्या पीठावरील न्या. भूषण गवई, अमरावतीचे, यांनी आपल्यालाही राजकीय पार्श्वभूमी होती याची आठवण दिली. त्या दिवसांत आपल्यापैकी कितीजण तावातावाने बोलत होते! बोलणे योग्यच होते. न्यायासनावर चढण्यापूर्वी एखाद्या समाजाविषयी विष ओकणाऱ्याची झाडाझडती झालीच पाहिजे, मग तो समाज आपला असो वा मुसलमानांचा. पण आम्ही विचारतो, त्यानंतर त्यांनी दिलेला एक तरी निकाल आपल्यापैकी कोणी मागवून वाचला काय? भाषणावरून माणसाविषयी शंका घ्यावी. न्यायाधीशाविषयीचे मत मात्र निकालांवरूनच पक्के करता येते.

आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचेही उदाहरण ताजे आहे. जुलै २०२५ मध्ये न्यायवृंदाने श्रीमती आरती साठे यांची शिफारस केली. त्या २०२३ साली भारतीय जनता पक्षाच्या प्रवक्त्या झाल्या होत्या व जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी ते पद सोडले होते. विरोधकांनी आक्षेप घेतला, तो आम्हांला रास्त वाटतो; प्रवक्तेपद आणि न्यायासन यांच्यामध्ये दीड वर्षाचा काळ फार तोकडा आहे. पण त्या गदारोळात करविषयक कायद्यातील त्यांच्या वकिलीविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. न्यायवृंदही आपल्या निवडीची कारणे लोकांना पटतील अशी मांडत नाही. न्यायाधीश निवडण्याच्या या पद्धतीत पारदर्शकता नाही, असे न्या. कुरियन जोसेफ यांनी २०१५ सालच्या निकालात स्वतः लिहून ठेवले आहे. हे कुरियन जोसेफ कॅथलिक आहेत. गुड फ्रायडेच्या दिवशी न्यायाधीशांची परिषद ठेवल्याबद्दल त्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेले पत्र आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्याच वर्षीचा त्यांचा हा निकाल मात्र कोणालाच ठाऊक नाही. आपण माणसाचे आडनाव पाहतो, सण सांभाळतो, आणि त्याचे काम बघायचे राहून जाते.

न्या. खन्ना यांचेच पाहा. ते काही ख्रिस्ती नव्हते. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या १९७४ च्या खटल्यात अल्पसंख्यांच्या शिक्षणसंस्थांच्या बाजूने लिहिणाऱ्यांत ते होते. पुढे १९७६ साली, आणीबाणीत, अटकेविरुद्ध दाद मागण्याचा नागरिकाचा हक्क संपला असे चार न्यायमूर्ती म्हणत असताना ते एकटे ‘नाही’ म्हणाले, आणि त्याची किंमत म्हणून त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले. पहिला निकाल आपल्या सोयीचा, दुसऱ्याशी आपला थेट संबंध नाही, असे म्हणणारा कॅथलिक आम्हांला भेटतो तेव्हा त्याला फादर स्टॅन स्वामींची आठवण द्यावीशी वाटते. जामिनाची वाट पाहतच ते वारले, तो दिवसही ५ जुलैच होता, २०२१ सालचा.

महाराष्ट्राने न्यायाधीश म्हणून ज्यांना डोक्यावर घेतले त्या रामशास्त्री प्रभुण्यांची कीर्ती राघोबादादांना दोषी ठरविण्यावर उभी आहे. परंपरा सांगते की त्यांनी निवाडा दिला आणि पुणे सोडले. निवाड्यानंतर ते दुसऱ्या गटाच्या पालखीत जाऊन बसले असते, तर आज त्यांचे नाव कोणी घेतले नसते. म्हणून निवृत्त न्यायाधीश उमेदवार म्हणून पुढे येतो तेव्हा आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो मधल्या काळाचा. न्या. रेड्डी निवृत्तीनंतर चौदा वर्षांनी उभे राहिले. न्या. रंजन गोगोई सरन्यायाधीशपदावरून उतरल्यावर चार महिन्यांत राज्यसभेत नेमले गेले. कलकत्त्याचे न्या. अभिजित गंगोपाध्याय यांनी तर ५ मार्च २०२४ रोजी राजीनामा दिला, ७ तारखेला पक्षात प्रवेश केला आणि त्याच वर्षी ते लोकसभेवर निवडून आले. आपल्यापुढे चालू असलेल्या प्रकरणाविषयी त्यांनी वाहिनीवर मुलाखत दिली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशाकडे सोपवायला लावले होते, हेही मतदारांपुढे होते. शिक्षकभरतीतला घोटाळा त्यांनी उघड्यावर आणला, हे त्यांचे काम मोठेच. पण तो निवाडा देणारा हात दोन दिवसांत पक्षाचा झेंडा धरतो, तेव्हा ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांनी त्या निवाड्यावर विश्वास कसा ठेवावा? निवृत्तीनंतर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला वकिली करता येत नाही, असे घटना सांगते. निवडणूक लढविण्याआधी काही वर्षे थांबावे, असे ती सांगत नाही. हा अडसर कायद्याने घालावा, अशी मागणी प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराकडे आपण करायला हवी.

हे सारे दिल्लीचे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणणाऱ्यांसाठी एक सांगतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात बसू लागले आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेत आला. चिपळूणच्या माणसाचे अपील आता मुंबईऐवजी कुंभार्ली घाट चढून जाते. तेथे कोण बसते, त्याने याआधी काय लिहिले, कोणासाठी लिहिले, हे विचारणे आता आपल्या जमिनीच्या दाव्याचे, शाळेच्या मान्यतेचे, पोराच्या जामिनाचे काम आहे.

इंग्रजी कळत नाही ही सबबही उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निवडक निकालांची मराठी भाषांतरे मोफत उपलब्ध होऊ लागली आहेत. भाषांतर यंत्राच्या मदतीने केलेले, त्यामुळे बोजड आहे, मधूनच हसू येते. पण निकालाचा गाभा हाती लागतो. धर्मग्रामाच्या युवक मंडळाने आपल्यातल्या एखाद्या वकिलाला बोलावून महिन्याला एक निकाल वाचायला घ्यावा. सुरुवात सेंट झेवियर्सच्या खटल्याने नको. आपला ज्याच्याशी काही संबंध नाही असा निकाल आधी घ्या, बस्तरचा घ्या.