नाणे घरचे, नोंद शाळेची

विज्ञान प्रदर्शनाला गेलो की ज्वालामुखी आणि अग्निबाणांच्या प्रतिकृती सोडून मी कोपऱ्यातली टेबले आधी पाहतो. जव्हार तालुक्यातील एका शाळेच्या प्रदर्शनात अशाच एका टेबलावर थर्मोकोलच्या पाटीवर चोवीस नाणी मांडलेली होती. मांडणाऱ्या मुलाने फार मेहनत घेतली होती. प्रत्येक नाणे चिंचेने घासून लख्ख केलेले, डिंकाने चिकटवलेले आणि खाली लाल शाईने नाव : ‘राणीछाप रुपया, १८६२’, ‘शिवाजी महाराजांचे नाणे’, ‘भोकाचा पैसा’. मी विचारले, “यातले कोणते कुठून आणलेस?” तो म्हणाला, “काही मोखाड्याच्या आजीच्या पेटीतली, काही नाशिकच्या बाजारातली. पण कोणती कुठली ते आता नाही सांगता येणार, सर.”

त्याला बक्षीस मिळाले, आणि ते मिळायलाच हवे होते. पण मला मात्र चुटपुट लागली. त्या चोवीस नाण्यांचा पत्ताच हरवला होता! विद्यार्थी मित्रहो, माझे मत असे आहे की, संग्रहात नाण्याला जेवढे मोल असते, त्याहून काकणभर अधिकच मोल त्याच्या चिठ्ठीला असते.

हे म्हणणे अतिशयोक्तीचे वाटेल. नाण्यावर साल असते, राजाचे नाव असते. मग चिठ्ठीची गरज काय? त्या मुलाचीच नाणी घेऊ. १८६२ साल असलेला रुपया १८६२ मध्येच पाडलेला असतो, असे नाही. त्या काळी रुपयाच्या ठशावरचे साल दरवर्षी बदलत नसत. १८६२ हे साल घातलेले रुपये पुढे १८७४ पर्यंत पाडले जात होते. मुंबईच्या टांकसाळीने त्यांवर बारीक ठिपके घालून फरक राखला. म्हणजे भिंग घेऊन ठिपके न मोजता लिहिलेली चिठ्ठी बारा वर्षांनी चुकू शकते!

शिवराईचे तर याहून अवघड आहे. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असा लेख असलेले हे तांब्याचे नाणे शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकापासून चालू केले. पण महाराजांनंतरही, थेट पेशवाईपर्यंत आणि त्यापुढेही, तोच लेख घालून शिवराया पाडल्या गेल्या. त्यांवर साल नाही, टांकसाळीचे नावही नाही. अक्षरांचे वळण, वजन आणि नाणे कोठे मिळाले ती जागा, एवढ्यावरच अभ्यासकाला काळ ठरवावा लागतो. तेव्हा योग्य चिठ्ठी अशी : ‘शिवराई. काळ अनिश्चित.’ ‘अनिश्चित’ हा शब्द लिहिण्यात कमीपणा नाही. डोळ्यांनी पाहिलेले एका ओळीत आणि त्यावरून केलेले अनुमान दुसऱ्या ओळीत लिहावे, हीच विज्ञानाची शिस्त आहे.

जागेची नोंद काय करू शकते, याचा दाखला जव्हार-मोखाड्याच्या शेजारीच आहे. मोखाड्यावरून त्र्यंबकमार्गे नाशिकला जावे आणि पुढे सिन्नरच्या बाजूस वळावे, म्हणजे जोगलटेंभी हे गाव लागते. तेथे १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. ती होती क्षहरात वंशातील क्षत्रप नहपान याची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. असे एखादेच नाणे बाजारात मिळाले असते, तर लोकांनी ती एक गंमत समजून सोडून दिली असती. पण संबंध साठा एका ठिकाणचा म्हणून नोंदला गेला आणि त्यातले प्रमाण मोजता आले. हरलेल्या राजाचा पैसा जिंकलेल्या राजाने हाती घेऊन आपल्या नावाने पुन्हा चालवला, हे त्यावरून उघड झाले. गौतमीपुत्राने क्षहरात वंश निर्मूळ केला, असे नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख सांगतोच. त्याला नाण्यांनी साक्ष दिली. हीच नाणी सुटी सुटी दहा गावच्या सराफांकडे गेली असती, तर एवढी साक्ष कोणी दिली असती?

आता चिठ्ठीवर काय लिहावे? आधी नोंदवही करा आणि प्रत्येक नाण्याला क्रमांक द्या. हा क्रमांक पुन्हा दुसऱ्या नाण्याला द्यायचा नाही. क्रमांक पाकिटावर लिहा. नाण्यावर शाई किंवा डिंक लावू नका. मग लिहा : नाण्यावर काय वाचता येते, वजन, व्यास, चुंबकाला चिकटते की नाही, कोठे आणि कोणाकडे मिळाले, त्या माणसाने काय सांगितले, नोंदीची तारीख आणि नोंद करणाऱ्याचे नाव. गावाबरोबर तालुकाही लिहा. जव्हार १९४८ पर्यंत संस्थान होते, नंतर ते ठाणे जिल्ह्यात आले आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. जुन्या चिठ्ठीवरचे ‘ठाणे’ आणि नव्या चिठ्ठीवरचे ‘पालघर’ हे एकच गाव असू शकते!

ही सारी मोजमापे शाळेच्या प्रयोगशाळेत होतात. राणीछाप रुपया कोरा असताना ११.६६ ग्रॅमचा होता. तुमचा ११.३ भरला, तर उरलेली चांदी लोकांच्या बोटांनी आणि कनवटीने झिजवलेली आहे. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असते; म्हणून हवेत आणि पाण्यात वजन करून घनता काढली, तर ती सुमारे १०.३ यायला हवी. १९४७ चा रुपया निकेलचा. तो चुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. आर्किमिडीजचा सिद्धांत पाठ करण्यापेक्षा आजीच्या रुपयावर पडताळून पाहणे किती चांगले!

घासण्याचा मोह मात्र टाळावा. तांब्यावरचा तपकिरी थर खालच्या धातूचे रक्षण करतो. चिंचेतील आम्ल तो थर विरघळवते, आणि घासताना अक्षरांच्या कडाही झिजतात. अक्षर एकदा गेले की ते परत येत नाही. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या खिशांतून कालांतराने आम्लधर्मी वायू सुटतो आणि नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. जव्हारच्या पावसाळी दमट हवेत तर जपावेच लागते. कागदी पाकिटे, पत्र्याचा डबा आणि त्यात औषधाच्या बाटलीत मिळणारी सिलिका जेलची पुडी एवढे पुरते.

कोणी म्हणेल, एवढी लिखापढी केल्यावर छंदातली मजा काय राहिली? मला उलट वाटते. राजे, धातू, साले यांप्रमाणे नाण्यांची मांडणी केव्हाही बदलता येते. त्यात दर सुट्टीत नवी मजा आहे. पण “आजी, हा रुपया आपल्याकडे कसा आला?” हा प्रश्न फार वर्षे विचारता येत नाही.

आणि म्हणूनच शिक्षकांपुढे एक सूचना ठेवतो. मुलांना ‘जुनी नाणी घेऊन या’ असे सांगू नका. ‘नोंद घेऊन या’ असे सांगा. रुपया हारात ओवलेला असेल, तर त्याची कडी तोडू नका; ती कडी हाही इतिहासच आहे. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा उमटवा, घरच्यांना विचारून माहिती लिहून घ्या आणि नाणे होते तेथे परत ठेवा. अडचणीच्या दिवसांत घरातली चांदी सराफाकडे जाते, तेव्हा ती वजनावर विकली जाते आणि वितळते. ते थांबवणे शाळेच्या हाती नाही. पण नाणे गेले तरी नोंद उरेल, एवढे शाळा करू शकते. शेतात पुरलेली नाणी सापडली, तर मात्र ती वाटून घेऊ नयेत. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, की मोखाड्याला पुढच्या खेपेस जाशील, तेव्हा पाटी घेऊन जा आणि आजीला तिची नाणी ओळखायला सांग. तिने चार जरी ओळखली, तरी त्या चारांच्या चिठ्ठ्या उरलेल्या विसांवर भारी ठरतील.