कैद्याचे नाव आणि गंगारामाचे नाव

(१/६) ऑक्टोबर १७९२. बँक ऑफ स्कॉटलंडच्या बनावट नोटांच्या खटल्यात १४ वर्षांची हद्दपारी भोगण्यासाठी चित्रकार टॉमस वॉटलिंग सिडनीत उतरला. शल्यवैद्य जॉन व्हाइट यांच्यासाठी त्याने तिथले पक्षी, वनस्पती आणि माणसे रंगवली. १७९७ मध्ये त्याला माफी मिळाली.

(२/६) त्याच दशकात पुण्यात गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट हा चित्रकार ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी काम करत होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने १७९० मध्ये चितारला. पुढे सवाई माधवरावांच्या आश्रयाने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. तिथे स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्सचा सहवास त्याला लाभला. वेरूळची लेणीही त्याने रेखाटली.

(३/६) वेल्स १७९५ मध्ये निवर्तला. १८०३ मध्ये टॉमस डॅनियलने वेरूळची २४ दृश्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली. शीर्षकपृष्ठावर वेल्स आहे, डॅनियल आहे. गंगाराम नाही.

(४/६) वॉटलिंगचे नाव टिकले, कारण गुन्हेगाराची नोंद सरकार कसोशीने ठेवते: खटला, जहाज, माफी. निरपराध कारागिराचे नाव मात्र साहेबाच्या टिपणांच्या भरवशावर राहते. ती टिपणे नसती, तर आज येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये असलेली गंगारामाची चित्रे 'कंपनी शैली, चित्रकार अज्ञात' एवढ्याच पाटीखाली राहिली असती.

(५/६) कलाबाजार चित्राइतकाच नावालाही भाव देतो. 'कंपनी शैली' ही संज्ञा चित्रकाराच्या जागी गिऱ्हाइकाला बसवते. लंडनच्या वॉलेस कलेक्शनमधील २०१९ च्या प्रदर्शनाने अशा भारतीय चित्रकारांना त्यांच्या नावांनिशी पुढे आणले, ते उचितच झाले. 'आपल्या परंपरेत कलावंत निनावीच असे' हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. अनेक ताम्रपटांच्या शेवटी कोरणाऱ्याचे नाव आढळते. निनावीपण ही नेहमीच विनम्रता नसते. पुष्कळदा ती दुसऱ्याने केलेली हेळसांड असते.

(६/६) हा प्रश्न केवळ अठराव्या शतकाचा नाही. पेणच्या कारखान्यांतून गणेशमूर्ती मुंबईला जातात, परदेशीही जातात. मूर्तीला जिवंतपणा येतो तो डोळ्यांच्या आखणीने. पण ती आखणी कोणाच्या हातची, हे रोह्यातल्या भक्तालाही ठाऊक नसते. कारखान्याच्या वहीत मूर्तीच्या क्रमांकापुढे आखणी करणाऱ्याचे नाव लिहायला एक ओळ पुरते. ती ओळ आज लिहिली नाही, तर उद्याच्या इतिहासकाराला पुन्हा एखाद्या साहेबाचीच टिपणे शोधावी लागतील.