उलटलेल्या प्रत्येक खटल्याची तपासणी झालीच पाहिजे

2003 साली नाशिक जिल्ह्यात एका शेतवस्तीवर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी सुनावली गेली. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच योग्य ठरवली, आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. बचावलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडच्या फोटोंतून भलत्याच चौघांना ओळखलं होतं. त्या चौघांवर खटला भरलाच नाही. तीन न्यायालयांच्या नजरेतून एवढी गोष्ट निसटली कशी?

प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई, असा आदेश झाला. तो हवाच होता. पण ‘निसटली कशी’ याचं उत्तर त्यातून मिळत नाही, आणि ते शोधण्यासाठीच आम्ही ही चळवळ सुरू करत आहोत. आमच्यात वकील आहेत, निवृत्त फौजदार आहेत, तुरुंगाबाहेर मुलाखतीच्या रांगेत उभे राहिलेले नातेवाईकही आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2014 मध्येच, गुजरातच्या एका खटल्यात, प्रत्येक राज्याला सांगितलं होतं: सुटकेच्या निकालांची छाननी करणारी कायमची समिती नेमा, सापडलेल्या त्रुटी पोलिसांच्या प्रशिक्षणात आणा. सोबत जबाबदार अधिकाऱ्यांवर खातेनिहाय कारवाईचाही आदेश होता. आमचं मतभेदाचं ठिकाण हेच. ज्या टेबलावर शिक्षा ठरते त्या टेबलावर कोणता हवालदार खरं बोलेल? विमान पडलं तर अपघाताची तांत्रिक चौकशी दोष ठरवण्यासाठी नसते, पुढचं विमान वाचवण्यासाठी असते. खटल्याला ती सोय नाही.

म्हणून आमची मागणी: फाशी किंवा जन्मठेप वरच्या न्यायालयात पूर्ण रद्द झाली की स्वतंत्र तपासणी व्हावी. (प्रत्येक सुटका म्हणजे चूक नव्हे, हे आम्हालाही कळतं.) तपास अधिकारी, सरकारी वकील, विधी सेवेचा वकील, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे लोक, सुटलेला माणूस आणि मृताचं कुटुंब, सगळ्यांना ऐकावं. तिथलं बोलणं खातेनिहाय चौकशीत वापरू नये. जाणूनबुजून खोटा पुरावा रचणाऱ्याला मात्र ही सवलत नाही; त्याच्यावर गुन्हाच दाखल व्हावा. अहवाल मराठीत, सर्वांसाठी खुला असावा.

सरकार हलेपर्यंत आम्ही थांबणार नाही. तुमच्या जिल्ह्यातला असा खटला उलटला असेल तर निकालाची प्रत घेऊन आमच्याकडे या.