समुद्रस्नानापूर्वी

सुटीत सहकुटुंब समुद्रकिनारी जाणारे गृहस्थ मुक्कामाची, जेवणाची व परतीच्या गाडीची व्यवस्था आठवडाभर आधी करतात. पाण्यात कोठे व केव्हा उतरावयाचे हे मात्र किनाऱ्यावर पोहोचल्यावर, पाणी पाहून ठरवितात. पाणी पाहणे म्हणजे बहुधा शांत जागा शोधणे. आमच्या मते घात येथेच होतो.

फुटणाऱ्या लाटा पाणी सतत किनाऱ्याकडे लोटीत असतात. ते पाणी परतण्यास वाट शोधते, आणि पाण्याखालील वाळूच्या बांधात जेथे खिंड असेल तेथून एका अरुंद, जोरदार ओघाने समुद्राकडे धावते. इंग्रजीत ह्यास रिप करंट म्हणतात. आपण परतप्रवाह म्हणू. खिंडीत पाणी खोल असल्यामुळे तेथे लाटा फारशा फुटत नाहीत. दोन्हीकडे पांढरा फेस आणि मध्ये काळसर, संथ पट्टा असे दृश्य दिसते. मुलांना घेऊन निघालेल्या पित्यास नेमका तोच पट्टा सुरक्षित वाटतो. ह्या प्रवाहाचा वेग कधी कधी सेकंदास २ मीटरपर्यंत जातो. त्याविरुद्ध ऑलिंपिकमधील जलतरणपटूचाही टिकाव लागणार नाही. मग विहिरीत पोहणे शिकलेल्यांची काय कथा? परंतु हा प्रवाह माणसास खाली ओढीत नाही, बाहेर नेतो. बुडणारा बहुधा सरळ किनाऱ्याकडे पोहण्याच्या हट्टाने दमून बुडतो. अंग सैल टाकून तरंगावे, हात उंचावून मदत मागावी. शक्ती असल्यास किनाऱ्यास समांतर पोहत ओघाबाहेर पडावे आणि मग फुटत्या लाटांबरोबर परतावे.

ओहोटीच्या वेळी असे प्रवाह बहुधा बळावतात. मुंबईकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे : चतुर्थीस सुमारे ३ वाजता पूर्ण भरती. ही रीत चेन्नईस वा पुरीस लावू नये. मुंबईस उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील फरक ४ मीटरांहून अधिक, तर चेन्नईस तो जेमतेम एक मीटर असतो; तेथे लाटांकडेच अधिक लक्ष द्यावे लागते. लाटांचे अंदाज हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र प्रसिद्ध करते. पावसाळ्यात पाण्यात उतरू नये हे सर्वांस ठाऊक आहे. पण मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले ते १ फेब्रुवारी २०१६ रोजी, ऐन हिवाळ्यात.

कित्येक किनाऱ्यांवर आपण 'धोका' असा फलक लावून मोकळे होतो. कशाचा धोका, तो कसा ओळखावा, त्यात सापडल्यास काय करावे, हे न सांगणारा फलक आम्हांस निरुपयोगी वाटतो. त्या काळसर पट्ट्याचे साधे चित्र अधिक काम करील. पुरीस वेताची टोकदार टोपी घातलेले नोलिया स्नान करणाऱ्यांचा हात धरून त्यांस पाण्यात नेतात. गोव्यात जीवरक्षक लाल-पिवळी निशाणे रोवतात, त्या दोहोंच्या मध्येच पोहावयाचे. जेथे असा कोणीच नाही तेथे मुलांनी घोट्याइतक्या पाण्यापलीकडे जाऊ नये, आणि तेथेही मोठ्यांचा हात त्यांच्यापर्यंत पोहोचत असावा. हे काहींस जाचक वाटेल, वाटो.

बुडणाऱ्यामागे उडी टाकणारा नातलगही पुष्कळदा बुडतो. त्याच्या हाती देण्यासाठी लांब दोर आणि त्यास बांधलेला, बूच घट्ट बसविलेला रिकामा डबा किनाऱ्यावर टांगून ठेवणे कोणत्याही ग्रामपंचायतीस परवडण्यासारखे आहे.