कॅबिनेटसोबत फुकट!

दिवाळीला नवीन जालन्याला घरी गेलो होतो. लाइट गेली, आली आणि बाबांच्या कॉम्प्युटरमधून ‘फट्’ असा आवाज! जळका वास सुटला, सोबत हार्ड डिस्कही गेली. तिच्यात आजीचे सगळे फोटो होते. गुन्हेगार कोण? कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस. मीच आणलेला! प्रोसेसरवर हजारो उडवले आणि सगळ्यांना वीज देणाऱ्या डब्यावर शून्य.

आता शहाणा झालोय. डब्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. स्टिकरवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा. ‘४५० वॅट’ मिरवणाऱ्यावर १५च अँपिअर असतील, तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डच्या वाट्याला १२ गुणिले १५, म्हणजे जेमतेम १८० वॅट! ‘८० प्लस’चं चिन्ह हवंच. पण २००४ साली सुरू झालेलं हे चिन्ह विजेची बचत सांगतं, टिकाऊपणा नाही. म्हणून ओव्हरव्होल्टेज आणि शॉर्टसर्किट प्रोटेक्शन आहे का, वॉरंटी किती वर्षांची, हे दुकानदाराला विचाराच. घरचं अर्थिंगही तपासून घ्या.

बाबांना नवा एसएमपीएस बसवून दिला. कॉम्प्युटर सुरू झाला. बाबा एवढंच म्हणाले, ‘आजीचे फोटो आत्याकडे असतील का रे?’

बॅकअप आजच घ्या, बॉस.