माळ्यावरची तबकडी

नंदुरबारच्या बाजारपेठेत पुढे दुकान आणि मागे घर अशा जुन्या वास्तूचा माळा दिवाळीपूर्वी झाडला जातो, तेव्हा चोपड्यांच्या गठ्ठ्यांआड कधीकधी जाड कागदी पाकिटांतील काळ्या तबकड्या सापडतात. भंगारवाला दारात उभा असतो. तबकड्यांचे मोल आजी-आजोबा जाणतात. नातवंडांनी त्या कधी ऐकलेल्या नसतात.

१९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित झाले. भारतातील आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांत त्याची गणना होते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम ३ मिनिटांचे गाणे मावे. तासभर रंगणारा राग गायकाला तेवढ्यात बांधावा लागे. १९४८ साली अमेरिकेत ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी आली आणि एका बाजूवर २० मिनिटांहून अधिक संगीत बसू लागले.

या दोहोंतील आणखी एक भेद जैन घराने जाणून घ्यावा असा आहे. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांत लाख वापरली जात असे आणि लाख कीटकांपासून मिळते. श्रावकाने वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य येते. नात जर विचारेल, "आजोबा, मग ही आपल्या घरात कशी?" तर तो प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. "तेव्हा आम्हांला हे ठाऊक नव्हते," एवढे प्रांजळ उत्तरही पुरते. प्रतिक्रमणात पाठ म्हटलेला शब्द त्या मुलीला त्या दिवशी प्रथमच हाताला लागतो. नंतरच्या व्हिनाइल तबकड्या प्लास्टिकच्या असल्याने त्यांत लाख नसते.

ऐकण्यापूर्वी थोडी दक्षता हवी. दोन्ही प्रकारांसाठी सुई वेगळी लागते. चावीच्या ग्रामोफोनवर दीर्घ तबकडी लावल्यास तिच्या रेषा खरवडल्या जातात. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये, कारण त्यात लाख विरघळते. तबकड्या एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात.

मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने श्रवणसत्रे भरवून हा ठेवा अनेकांपर्यंत पोहोचविला. घरातही हे शक्य आहे. सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपले, की आठवड्यातून एकदा सर्वांनी मोबाइल बाजूला ठेवून एक बाजू पूर्ण ऐकावी. मग तबकडी कोणी आणली, कोणाला प्रिय होती, हे आजोबांनी सांगावे आणि नातवाने पाकिटावर लिहून ठेवावे. वारसाचे नाव नसलेली ठेव बेवारस पडते. तबकडीचेही तसेच होते.