रोज चाला म्हणतो, पण वाट कुठे आहे?



शुगर वाढलेली असो, बीपी असो की वजन, आम्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक ओळ ठरलेली असते: रोज अर्धा तास चाला. बारामती, इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या रुग्णांना हे सांगितलं की बऱ्याचदा उलटा प्रश्न येतो, "चालायचं कुठं, डॉक्टर?"

पूर्वी मला ही टाळाटाळ वाटायची. आता वाटत नाही. तुम्हीच बघा. वस्तीवरून निघालं की थेट डांबरी रस्ता. कारखाने सुरू झाले की त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर. कडेला चालायला जागा नाही आणि अंधार पडल्यावर समोरचं दिसत नाही. अशा रस्त्यावर साठीच्या बाईला "चाला" म्हणणं म्हणजे सल्ला देऊन हात झटकणं आहे.

पण याच वस्तीवरून शाळेला, देवळाला, शेजारच्या गावाला जाणारी एक जुनी वाट असते. कुठे पाणंद, कुठे नुसती पायवाट. घरोघरी मोटारसायकल आली आणि त्या वाटेवरचे पाय कमी झाले. शेळ्यामेंढ्यांनी खाल्लेल्या शेंगांतून वेड्या बाभळीचं बी पडलं आणि ती माजली. दर नांगरटीला एखादं तास आत सरकलं. दहा-पंधरा वर्षांत वाट गेली. नव्या पिढीला ती होती हेही ठाऊक नाही.

माझं मत असं: गावात व्यायामाची यंत्रं बसवण्याआधी अशी एक जुनी वाट मोकळी करा. आरोग्यावर तो खर्च जास्त कारणी लागेल.

चालल्याने नेमकं काय होतं?

चालताना मांड्या आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची चालही शुगरला मदत करते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. शिवाय मातीच्या, थोड्या चढ-उताराच्या वाटेवर घोट्याचे स्नायू आणि तोल दोन्ही कामाला लागतात. म्हातारपणी पडणं टाळायचं तर हे हवंच.

आपल्या भागाला चालणं नवं नाही. दर आषाढीला तुकोबांची पालखी बारामती, सणसर, इंदापूर करत सराटीकडे जाते, तेव्हा सत्तरीच्या माउलीही चालतात. वर्षातून एकदा जमतं ते रोज का जमत नाही? एक कारण असं की वारीत रस्ता चालणाऱ्यांचा असतो. एरवी तो गाड्यांचा असतो.

काट्यांची वाट तशीच चालू नका

इथे डॉक्टर म्हणून एक सावधगिरी सांगायलाच हवी. ज्यांना चालण्याची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच अशा वाटेचा सर्वांत जास्त धोका आहे. जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. वेड्या बाभळीचा काटा चप्पल भेदून आत जातो, पण कळत नाही. जखम चिघळते आणि रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा कधी कधी बोट वाचवणंही अवघड असतं. तेव्हा आधी वाट साफ, मग चालणं. जाड तळव्याचे बंद बूट घाला आणि घरी आल्यावर दोन्ही तळवे रोज उजेडात तपासा. स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांना बघायला सांगा.

वाट शोधायची कशी?

आधी गावातल्या जुन्या माणसांना बरोबर घेऊन फिरा. कुठलं झाड, कुठली विहीर, कुठला ओढा ओलांडायचा, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. मग भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा घ्या. पायमार्ग त्यावर एका तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. आठवण आणि नकाशा जुळले की अर्धं काम झालं.

वाट कुणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. पाणंद रस्त्यांसाठी 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना सुरू झाली होती. पण अर्जाआधी बांधावर बसून बोला. ज्याच्या शेताला वाट लागून आहे त्याच्याही घरात कुणाला तरी शुगर असतेच. भावकीत केस लागली तर वाट खुली होईल, पण तिच्यावरून चालणार कोण?

साफ करताना काय सांभाळाल?

- शक्यतो दिवाळीनंतर, थंडीत काम काढा. पावसाळ्यात गवत वाढलेलं आणि साप जास्त बाहेर असतात.
- पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड हातमोजे, उंच बूट हवेत. आधी काठीने गवत हलवा, मगच हात घाला.
- वेडी बाभूळ वरून तोडली तर दुप्पट जोमाने फुटते. बुंध्याखालच्या गड्ड्यासह उपटा.
- गाजरगवत फुलोऱ्याआधीच, म्हणजे पावसाळ्यातच एक फेरी मारून काढा. त्याने अंगाला खाज सुटते आणि दमा असलेल्यांना त्रास होतो. अशांनी हे काम करू नये.
- काटा खोल गेला, सांध्याजवळ सूज आली तर घरी सुईने टोकरत बसू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का, तेही बघा.
- साप चावला तर दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. माणसाला शांत ठेवा, चावलेला भाग हलू देऊ नका आणि थेट रुग्णालय गाठा.

आणि वाटेवरचा प्रत्येक हिरवा फांदा तोडू नका. लिंब, करंज, बोर राहू द्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सावलीशिवाय कुणी चालणार नाही. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यासारख्या वनखात्याच्या जागेत मात्र परवानगीशिवाय एक काडीही काढू नका. ते माळरान चिंकाऱ्यांचं घर आहे.

"जेसीबी लावला की झालं" असं म्हणाल, तर

एका दिवसात वाट मोकळी होईल, हे खरं. आजाऱ्याला न्यायला गाडी वस्तीपर्यंत यायची तर रुंद पाणंद हवीच, त्याला माझा विरोध नाही. पण नुसता जेसीबी फिरवून सोडलेली वाट दोन पावसाळ्यांत पुन्हा बुजते. वाट टिकते ती पायांनी. रोज वीस माणसं चालली तर गवताला डोकं वर काढायला वेळ मिळत नाही.

म्हणून या आठवड्यात एवढंच करा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, "तुम्ही शाळेला कुठून जायचा?" मग त्या वाटेच्या तोंडाशी जाऊन उभे राहा. पुढच्या तपासणीला याल तेव्हा शुगरचा रिपोर्ट आणाच, पण ती वाट कुठवर मोकळी झाली तेही सांगा.

काळजी घ्या आणि चालत राहा.